न कळणाऱ्या बोलीतला आवाज

जपानात मला पहिली अर्धवेळ नोकरी मिळाली ती मला काही कळत नाही या गुणावर. बाकीच्यांना हा गुण लपवावा लागतो, मला त्याचाच पगार मिळत होता.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. मी क्योतोत ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट करत होते. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या घशात, तोंडात, नाकात नेमकं काय होतं, याचा तो अभ्यास. कोल्हापुरात आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यापायी एवढ्या लांब कशाला जातीस? हितं तुझी आत्या हाय की, बस तिच्यासमोर." माझे मार्गदर्शक साठीकडे झुकलेले, किरकोळ अंगाचे आणि फार कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांना सगळे सेन्सेई म्हणत, आपण 'सर' म्हणतो तसं. दुसऱ्यांच्या बोलण्यावर आयुष्य काढलेला माणूस स्वतः इतका गप्प कसा, याचं मला वर्षभर तरी नवल वाटत राहिलं. मी पडले बडबडी. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं त्यातलं बहुतेक माझंच असे, आणि तेही मोडक्या जपानीत.

सेन्सेईंकडे अधूनमधून कोर्टाची कामं यायची. टेपवर एक आवाज आहे, तो अमुक माणसाचा आहे का, एवढाच प्रश्न असायचा. त्या वर्षी पानगळीच्या सुमारास ओसाकाहून एक वकील आले. तरुण होते, सुटाच्या बाह्या जरा तोकड्या, आणि थंडी असूनही सारखे घाम पुसत होते. त्यांचा अशील चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फूच्यान प्रांतातून आलेला एक तरुण होता. जपानी शिकायला आलेला, आणि शिकता शिकता एका हॉटेलात भांडी घासणारा. त्याच्याच गावाकडच्या एका माणसाला कोणीतरी फोनवर निरोप ठेवून एका ठिकाणी बोलावून घेतलं होतं, आणि तिथे अंधारात त्याला इतकं मारलं की त्याचा एक डोळा गेला. मारणाऱ्यांचे चेहरे त्याला दिसले नव्हते. निरोप तेवढा फोनच्या यंत्रात राहिला होता. पोलिसांचं म्हणणं, तो आवाज या तरुणाचा. तो म्हणत होता, माझा नाही. याखेरीज भक्कम असं काहीच कोणाच्या हातात नव्हतं. आवाज त्याचा ठरला तर त्याच्या उमेदीची वर्षं तुरुंगात जाणार होती.

सरकारी बाजूने एका तज्ज्ञाचा अहवाल आधीच दिलेला होता. दोन्ही आवाज एकाच माणसाचे असावेत, असं त्यात म्हटलं होतं. सेन्सेईंनी तो सावकाश वाचला आणि वकिलांना विचारलं, "निरोप कोणत्या भाषेत आहे?"

"चिनी."

"कोणती चिनी?"

वकिलांनी रुमाल काढला. निरोप फूच्यानच्या बोलीत होता. पोलिसांनी तुलनेसाठी त्या तरुणाचा जो आवाज टेप केला तो मात्र शाळेत शिकवतात त्या मँडरिनमध्ये होता, कारण त्यांच्या दुभाष्याला तेवढीच यायची. चिनी ती चिनी, असा हिशेब. त्यांना तरी काय नावं ठेवायची? आमच्या गल्लीतल्या एक आजी मला 'इंदो-गो'त, म्हणजे भारतीय भाषेत, नमस्काराला काय म्हणतात, पाण्याला काय म्हणतात, असं विचारायच्या. मी आपलं मराठी सांगून मोकळी व्हायचे. त्या आजींच्या लेखी अख्खा भारत मराठी बोलत होता, आणि मला त्यात काही वावगं वाटत नसे. पण फूच्यानची बोली आणि मँडरिन या लिहिताना बहिणी असल्या तरी बोलताना एकमेकींना ओळखसुद्धा देत नाहीत. शब्द वेगळे, आवाजाचे चढउतार वेगळे.

"मग त्याच्या बोलीतच त्याचा आवाज टेप करून आणा ना," मी मध्येच म्हणाले. वकिलांनी तशी परवानगी मागून पाहिली होती. मिळाली नव्हती. काचेपलीकडून भेट, आणि टेपरेकॉर्डर आत नेता येत नाही.

सेन्सेईंनी तो अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एकच माणूस मँडरिन सोडून आपल्या बोलीत बोलायला लागला की त्याचा आवाज किती बदलतो, हे मला माहीत नाही. त्या बोलीत बोलणारे दोन वेगळे पुरुष एकमेकांसारखे किती वाटतात, हेही माहीत नाही. हे दोन्ही कळल्याशिवाय मी या टेपला हात लावणार नाही." आपल्याकडे आधी कळस मग पाया म्हणतात, तसं त्या तज्ज्ञाने केलं होतं. सेन्सेई पायापासून सुरुवात करणार होते, आणि त्यासाठी दोन्ही भाषा बोलणारी फूच्यानची माणसं हवी होती.

माझ्या वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणारी मैत्रीण त्याच प्रांतातली. इतिहासात डॉक्टरेट करत होती. आमची दोस्ती स्वयंपाकघरात जमली होती. मी आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला परतायला लागले की बाकीचे खिडक्या उघडून पळायचे आणि ती वाडगा घेऊन यायची. तिला मी सगळं सांगितलं. तिने वाडगा खाली ठेवला.

"माझ्या माणसांना मी तुमच्या टेपरेकॉर्डरसमोर आणून बसवू? कोर्टाच्या कामासाठी?" ती म्हणाली. "त्यातल्या निम्म्यांचे व्हिसा कधीच संपलेत. त्यांचा आवाज टेपवर राहिला, आणि उद्या कोणी विचारलं हा कोणाचा, तर?"

"पण तो पोरगा आत सडतोय त्याचं काय?" माझाही पारा चढला.

"तू त्याला ओळखतेस?"

"नाही."

"मीही नाही. मग तो निर्दोष आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

मी फणकाऱ्याने भांडी घासायला घेतली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही, आणि त्या दोन दिवसांत मसाला परतायलाही काही मजा आली नाही.

मी हे सेन्सेईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी स्वतः जाऊन विचारतो."

एका रविवारी दुपारी आम्ही ओसाकाला गेलो. सेन्सेई, मी, आणि तोंड फुगवून का होईना, पण दुभाषी म्हणून आलेली माझी मैत्रीण. एका खाणावळीच्या वरच्या मजल्यावर, सुकत घातलेल्या कपड्यांखाली, दहाबारा माणसं बसली होती. सेन्सेई तातामीवर, म्हणजे गवताच्या जाड चटईवर, गुडघे मोडून बसले, कपाळ जमिनीला टेकेल इतके वाकले आणि बोलायला लागले. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. कोणाचंही नाव विचारणार नाही, म्हणाले. काम झालं की प्रत्येकाची टेप त्याच्या त्याच्या हातात परत देईन, नक्कल ठेवणार नाही. आणि मग म्हणाले, "मी त्या तरुणाच्या बाजूने आलेलो नाही. कदाचित शेवटी निघेल की आवाज त्याचाच आहे. तसं निघालं तर मी तसंच लिहीन."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. मदत मागायला आलेला माणूस असं बोलतो का? मैत्रिणीने भाषांतर केलं. मग त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा, खाणावळीचा आचारी, तिच्याशी काहीतरी बोलला. ती सेन्सेईंना म्हणाली, "ते म्हणताहेत, तुम्ही आमच्या भल्यासाठी आलात असं सांगितलं असतं तर जिन्यावरून खाली घालवलं असतं. पहिला मी बोलतो, म्हणताहेत."

मँडरिनमधलं बोलणं सहज टेप झालं, पण अडचण पुढेच होती. माईकसमोर बसवलं की ही माणसं आपल्या बोलीत बोलायचीच नाहीत. म्हणजे शब्द बोलीचे असायचे, पण ताठ बसून, शाळेत कविता म्हणावी तसे. परक्या माणसासमोर घरचं बोलणं तोंडातून निघत नाही. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पुण्यात शिकत असताना मी वसतिगृहात अगदी तोलूनमापून, पुस्तकात असतं तसं बोलायचे. मग घरचा फोन यायचा, आणि "व्हय गं आई, जेवलो की मी, किती बार इचारतीस!" असा माझा गडगडाट मजलाभर ऐकू जायचा. फोन ठेवला की खोलीतल्या मुली विचारायच्या, कोणाशी भांडत होतीस?

मी सेन्सेईंना म्हणाले, "यांना घरी फोन करू द्या."

त्या वेळी परदेशी फोन फार महाग. रविवारी टेलिफोन कार्ड घेऊन रस्त्यावरच्या हिरव्या सार्वजनिक फोनसमोर रांगा लागायच्या, आणि पलीकडे आईचा आवाज येईपर्यंत कार्डावरचे आकडे भराभर उतरायचे. सेन्सेईंनी खाणावळीच्या फोनला रेकॉर्डर जोडला आणि सगळ्यांना हवा तेवढा वेळ घरी बोला म्हणून सांगितलं. घरच्यांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की हे टेप होतंय, एवढी एकच अट. त्या फोनचा खर्च त्यांनी कुठून भागवला, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग माझी अर्धवेळ नोकरी सुरू झाली. त्या टेपांमधले आवाज मोजायचे. मैत्रिणीने कुठे कोणता शब्द आहे ते खुणा करून द्यायचं, आणि मी ते स्वर यंत्रावर घेऊन आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या काळ्या पट्ट्यांचे कागद काढायचे. सेन्सेईंनी हे काम मला दिलं कारण मला भाषा येत नव्हती. भाषा येणारा माणूस अर्थ ऐकतो, म्हणाले. कोण रागावलंय, कोण खोटं बोलतंय, यात त्याचे कान अडकतात. तुझे अडकणार नाहीत.

त्यांचा तेवढा अंदाज चुकला. रॉकेलच्या स्टोव्हशेजारी, कानांवर हेडफोन लावून मी अख्खा हिवाळा ते फोन ऐकले. एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. आईने विचारायचं आणि मुलाने तुटक उत्तर द्यायचं. मग कोणाचं तरी लहान मूल फोनवर यायचं आणि या बाजूचा चांगला दांडगा पुरुष एकदम बोबडं बोलायला लागायचा. आचारी बायकोशी बोलताना आधी ओरडायचा, मग लांबलचक गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्याला मोजण्यासारखं काही नसायचं. माझे डोळे भरून यायचे. सेन्सेईंच्या लक्षात यायचं. ते उठून भाजलेल्या सातूचा गरम चहा माझ्यापुढे ठेवायचे आणि आपल्या जागेवर जाऊन बसायचे. मैत्रीणही आता रोज येत होती. आमचं भांडण कधी मिटलं ते दोघींनाही आठवत नाही.

हिवाळा सरता सरता चित्र स्पष्ट झालं. काही माणसं मँडरिनमधून आपल्या बोलीत गेली की इतकी बदलत होती की कागदावर ती दोन माणसं वाटावीत. काही मुळीच बदलत नव्हती. आणि एकमेकांशी काही संबंध नसलेले दोघे त्या बोलीत जुळे भाऊ वाटावेत इतके सारखे निघाले. सगळ्यात शेवटी सेन्सेईंनी तो निरोप आणि त्या तरुणाचा मँडरिनमधला आवाज काढला. आवाज जवळचे होते, खरोखरच जवळचे होते. पण आमच्या टेपांमधला एक माणूस त्या निरोपाला त्या तरुणापेक्षाही जवळ होता. तो निरोप ठेवला गेला तेव्हा हा गृहस्थ जपानात आलेलासुद्धा नव्हता.

मी उडालेच. "म्हणजे आता लिहायचं की तो याचा आवाज नाही."

"नाही," सेन्सेई म्हणाले. "सांगता येत नाही, असं लिहायचं."

वकील आले, त्यांनीही तेच मागितलं. 'नाही' असं स्पष्ट लिहा, म्हणाले. इथे एकदा खटला उभा राहिला की सुटका विरळाच, या गुळमुळीत शब्दांनी काय होणार? माझ्या अंगाचा तर तिळपापड झाला होता. एवढा हिवाळा घालवून, एवढ्या माणसांना जिवावर उदार व्हायला लावून, शेवटी 'सांगता येत नाही'? मी तसं त्यांना तोंडावर म्हणाले. जपानात विद्यार्थी सेन्सेईंना असं बोलत नाहीत. मैत्रीण माझी बाही ओढत राहिली.

सेन्सेई रागावले नाहीत. म्हणाले, "ज्या कारणाने 'हो' म्हणता येत नाही, त्याच कारणाने 'नाही'ही म्हणता येत नाही. मी आज त्याच्यासाठी वाकलो, तर उद्या त्याच्याविरुद्ध वाकणाऱ्याला कसा अडवू?"

कोर्टात आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो होतो. तो तरुण मला तिथे पहिल्यांदा दिसला. निमुळता चेहरा, कान थोडे पुढे आलेले. सेन्सेईंची साक्ष चालू असताना तो फक्त त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हणजे तो आवाज आरोपीचा असू शकतो?"

"असू शकतो," सेन्सेई म्हणाले.

आमच्या वकिलांनी मान खाली घातली. मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "आणखी कोणाचा असू शकतो?"

"मी ज्यांचे आवाज मोजले त्यांच्यातला एक आरोपीहून जवळचा आहे. तो त्या वेळी या देशात नव्हता. जे मी मोजले नाहीत ते किती असतील, ते मला माहीत नाही."

"त्या लोकांची नावं कोर्टाला मिळतील का?"

"मी ती विचारलीच नाहीत," सेन्सेई म्हणाले.

माझ्या शेजारून एक हुंदका आला. त्या क्षणी मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. अंगात एवढा ताठा असलेली मी, देवळातसुद्धा घाईघाईत वाकते.

तो सुटला. आवाजावर विसंबता येत नाही, आणि आवाज वगळला तर उरतं ते पुरेसं नाही, असं निकालात होतं. पुढच्या एका रविवारी सेन्सेई खाणावळीत जाऊन प्रत्येकाची टेप दोन्ही हातांनी प्रत्येकाच्या हातात देऊन आले. मला त्या दिवशी ताप होता, म्हणून ते मी पाहिलं नाही. मैत्रिणीने सांगितलं, आचाऱ्याने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्या तरुणाचा व्हिसा आत असतानाच संपला होता. देश सोडण्याआधी तो वकिलांबरोबर प्रयोगशाळेत आला. खूप आभार मानले, सारखा वाकत होता. सेन्सेई अवघडून गेले. तो जरा स्थिर झाला तेव्हा मैत्रिणीला म्हणाला, मला तो निरोप एकदा ऐकायचाय.

वकिलांना ते पसंत नव्हतं. सेन्सेईंनी मात्र टेप लावली. निरोप लहानसाच होता. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने पुन्हा लावायची खूण केली. मग आपल्या बोलीत, हळू आवाजात, मैत्रिणीशी काहीतरी बोलला. तो घरचं बोलणं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. अख्खा हिवाळा तो निरोप ऐकलेली मी कान टवकारून बसले होते, आणि खरं सांगते, मला काही ठरवता आलं नाही.

आम्ही सगळे मैत्रिणीकडे पाहत होतो.

"तो म्हणतो," ती म्हणाली, "आत पोलीस मला हे रोज ऐकवायचे आणि म्हणायचे, हा तूच. इतकं ऐकवलं की शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं, हा मीच. मी हे केलं असेल आणि विसरलो असेन. तुम्ही कोर्टात सांगता येत नाही म्हणालात, त्या दिवशी मला पहिल्यांदा आठवलं की मला सांगता येतं."

सेन्सेईंनी यंत्र बंद केलं. "तो आवाज तुमचा आहे की नाही, मला अजूनही माहीत नाही," ते त्याला म्हणाले. "मला माहीत असायची गरजही नाही. तुम्हाला माहीत आहे."

मैत्रिणीने ते त्याच्या बोलीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग तो दोन्ही हातांनी तोंड झाकून मोठमोठ्याने रडायला लागला.